भाकरी उरते

"उरली म्हण," मी गिरिजाला म्हणाले. "एवढं एकच बोल. पोर हिरीत पडली व्हती, पण उरली. मग मी नाईकांना सांगते, चार फटक्यांवर भागवा."

ती कोठडीच्या भिंतीला टेकून बसली होती. हात कोपरापर्यंत निळे. रंगारणीचे हात कितीही घासले तरी निघत नाहीत. तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू पोरीला विहिरीत मीच ढकललं होतं.

"शिळी भाकरी उरती," ती म्हणाली. "ताटातला भात उरतो. पोर उरत न्हाई. पोर वाचती."

"हळू बोल!"

"का? तुझे कान जळत्यात व्हय?"

माझे कान जळत नव्हते, डोकं फिरत होतं. दाराबाहेर पहारेकरी बसला होता आणि त्याला सगळं ऐकू येत होतं. एकदा भर बाजारात तो शब्द उच्चारून ही बाई इथे येऊन पडली होती आणि आता पुन्हा तोच शब्द माझ्या तोंडावर मारत होती.

तो शब्द आमच्याकडे बंद होता. वाचणं बंद म्हटल्यावर अक्षरं गेली, पाट्या गेल्या, हे कुणालाही कळेल. पण जिवावरच्या दुखण्यातून उठलेल्या माणसाने काय म्हणायचं? ज्या कचेरीने अक्षरबंदीचा कायदा केला तिने त्याचाही विचार केला होता. आगीतून, पुरातून, तापातून जो सुटला त्याने 'उरलो' म्हणावं, अशी दवंडी कायद्याबरोबरच पिटली गेली. एक शब्द दोन ठिकाणी चालतो; एका ठिकाणी जिवंत ठेवला तर दुसऱ्या ठिकाणीही जिवंत राहील, असं त्यांचं म्हणणं. कचेरीत बसणारी माणसं मूर्ख नव्हती, एवढं मी आजही मान्य करते.

आणि आमच्या निमसर गावच्या लोकांनी 'उरलो' म्हणायला सुरुवात केली. बाळंतीण उरली, साप चावलेला उरला. मीसुद्धा म्हणायची. जीभ वळते, तिला कशाचीही सवय होते. फक्त गिरिजाची लेक मंजी बाजाराजवळच्या विहिरीतून वर आली, दोराला चिकटलेली, तोंडातून पाणी ओकत, तेव्हा गिरिजाची जीभ वळली नाही. "वाचली! माझी पोर वाचली!" असं ती आठवडी बाजारात ओरडली आणि सगळ्या बाजाराने खाली माना घातल्या. पोरीला पुरतं कुशीत घ्यायच्या आत तिला चावडीवर आणलं होतं.

"मंजी कशी हाय?" तिने विचारलं.

मी दाराकडे बघितलं.

"गारठली व्हती ती. अंग कापत व्हतं. एवढं सांग, मग तू म्हणशील ते म्हणते. उरली म्हणते, सांडली म्हणते, काय पायजे ते."

"मला सांगायचा हुकूम न्हाई."

"तू बाई हायस का कोण हायस गं?"

"मी नजरदारीण हाय," मी म्हणाले आणि उठले.

माझं नाव शेवंता. पाळण्यातलं नाव शारदा, पण त्या नावाच्या सगळ्या बायकांची नावं कायद्याबरोबर बदलली. कोणी विचारलं नाही. चावडीसमोर रांगेत उभं केलं आणि एकेकीला सांगितलं, तू शेवंता, तू गुलाब, तू शेवंता. आमच्या एका गल्लीत तीन शेवंता झाल्या आणि कोणी हाक मारली की तिघीही ओ द्यायच्या. आईच्या दंडावर माझ्या बापाचं नाव गोंदलेलं होतं, ते डागून काढलं. तेव्हा तिचा हात मी धरून ठेवला होता, कारण दुसऱ्या कुणाला ती धरू देईना.

पुढे मी नजरदारीण झाले. पुरुषांना पाटी दाखवायला पुरुष होते, बायकांना मी. मला काम आवडायचं. रस्त्याने निघाले की लोक वाट सोडायचे, दुकानदार पुढचं गिऱ्हाईक थांबवून मला आधी माल द्यायचा. तुला वाईट वाटायचं नाही का, असं आताची पोरं विचारतात. आता कचेरी गेली, ही पोरं दुकानांवरच्या पाट्या मोठ्यांदा वाचत शाळेत जातात, मी ऐकत बसते. त्यांना काय सांगणार? वाईट वाटायला वेळ लागतो, आणि मला तेव्हा वेळ नव्हता.

पाटीचं काम असं. जिच्यावर संशय आहे तिला चावडीच्या अंगणात बसवायचं. नजरदारिणीने समोर उभं राहायचं आणि काळी लाकडी पाटी एकदम तिच्या डोळ्यांपुढे धरायची. पाटीवर पांढऱ्या रंगात एक वाक्य. जिला अक्षर येत नाही तिची नजर पाटीवर कुठेही भिरभिरते, कोपऱ्यात बसते, मधेच टेकते. जिला येतं तिची नजर आधी डाव्या कडेला जाऊन उभी राहते आणि तिथून उजवीकडे चालू लागते. हे थांबवता येत नाही. ज्याला वाचता येतं त्याला न वाचता येत नाही. आणि वाक्यच असं असतं, की पुरतं वाचलं की माणूस हलतं. हललं की संपलं. मग चुनेवाला यायचा. एकेका डोळ्यात चिमूटभर चुना, वरून पाणी. अक्षराचं भांडण तिथेच मिटायचं.

एका माणसाला पाटी जन्मात एकदाच. दुसऱ्यांदा डोळा सावध असतो, म्हणून तो नियम. एक माणूस, एक पाटी. हे पोराटोरांनाही पाठ होतं.

आमच्या जुन्या पाटीवर लिहिलं होतं, 'तुझ्या पाठीमागे नाग आहे'. मला ते पहिल्या दिवशी खाशाबा नाईकांनी सांगितलं. नाईक आमचे वरिष्ठ. ते म्हणाले, "वाचायचं न्हाई. पण काय लिहिलंय ते ध्यानात असू दे, म्हंजे बाई मागं वळली तर कशापायी वळली ते तुला कळंल."

दर पाटीच्या आधी नजरदारिणीने तेलाच्या फडक्याने पाटी पुसायची, अशी रीत होती. अक्षरं लख्ख दिसली पाहिजेत. वर्षानुवर्षं मी ती पुसली. फडकं अक्षरावरून फिरायचं आणि तोंडात ते वाक्य असायचं. मी काही शिकायला गेले नव्हते. पण 'पाठीमागे' मधला गे आणि 'नाग' मधला ग यांचं अंग एकच आहे, एकावर नुसती एक तिरकी काडी जास्त आहे, हे दिसतं. एकदा दिसलं की पुसून जात नाही. मग एके दिवशी ओढ्याच्या पुलाखाली, छिन्नीने खरवडायचा राहिलेला एक दगड दिसला. त्यावरचं एक अक्षर मला ओळखीचं होतं. मी तिथून जवळजवळ पळतच घरी आले. त्यानंतर पाटी पुसताना मी डोळे मिटून घ्यायचे, पण बोटांनाही ती अक्षरं ठाऊक झाली होती.

हे मी कुणालाही बोलले नाही. बोलण्यासारखं काय होतं त्यात? सापाचं एक वाक्य येत होतं, बस्स.

तर गिरिजाच्या कोठडीतून मी तडक नाईकांकडे गेले. ते चावडीच्या ओट्यावर सुपारी कातरत बसले होते.

"नाईक, ती म्हणायला तयार हाय. फक्त पोरगी कशी हाय ते सांगा म्हणती."

"न्हाई."

"पोरगी बरी न्हाई का?"

"पोरगीला काय धाड भरलीय? मामाकडं हाय. सकाळी ओढ्याकडं गेलो व्हतो, बकरीमागं पळत व्हती बोंबलत."

"मग सांगू द्या की. उरली म्हणंल, फटके खाईल, मिटलं. कशाला पाटीचा खटाटोप?"

नाईकांनी अडकित्ता खाली ठेवला.

"शेवंते, तिला पोरीबद्दल एक अक्षर कळता कामा न्हाई. वरचा हुकूम हाय." एक अक्षर, असंच म्हणाले ते. मग स्वतःच्याच बोलण्यावर हसले. "आणि आज नवी पाटी हाय. जुनी झाली बोंबाबोंब, गावातल्या शेंबड्या पोरालाबी नागाचं ठावं झालंय. परवा ती कासारीण बघितलीस ना, दगडासारखी बसली. मला खात्री हाय तिला येत व्हतं. आता वरून दर माणसाला वेगळी पाटी येणार."

"काय लिहिलंय नव्या पाटीवर?"

"ते मला ठावं न्हाई आणि तुलाबी नको. इथनं पुढं नजरदारानं नुसती पाटी धरायची. उगं नाक खुपसू नको."

त्यांनी कोपऱ्याकडे हात केला. तिथे गोणपाटात गुंडाळून, वर लाखेचा ठसा मारलेली पाटी उभी होती. जिल्ह्याचा माणूस सकाळी ठेवून गेला होता. जिल्ह्याला लिहिणारी माणसं ठेवली होती, हे आम्हाला ठाऊक होतं. बंदी आमच्यासाठी होती.

दुपारी अंगण भरलं. उन्हाने फरशी तापलेली, लोक भिंतीच्या सावलीला दाटीने उभे. पाटी बघायला यावंच लागे, नाही आलं तर का नाही आलं ते विचारायला माणूस घरी जाई. गिरिजाला मधोमध पाटावर बसवलं. तिने माझ्याकडे बघितलं आणि हळूच, फक्त मला ऐकू जाईल असं विचारलं, "सांगत न्हाईस ना?"

मी मान फिरवली.

ओट्यावरून नाईकांनी खूण केली. नजरदारिणीने आधी लोकांना विचारायचं, अशीही रीत होती. मी हात वर केला.

"अक्षर?"

"खोटं!" सगळं अंगण ओरडलं.

"नजर?"

"खरी!"

असं ओरडताना लोकांच्या चेहऱ्यावर काहीच नसायचं. लहानपणापासून ओरडून ओरडून त्याचा अर्थ झिजून गेला होता. मलाही तसंच वाटायचं.

नाईकांनी लाख फोडली, गोणपाट काढलं आणि पाटीची पाठ माझ्याकडे करून ती माझ्या हातात दिली. त्यांनी स्वतः पाटीकडे बघितलं नाही, त्यांना काही कळणार नव्हतंच. मी रीतीप्रमाणे पाटी उलटवून गुडघ्यावर घेतली आणि फडकं फिरवायला लागले.

डोळे मिटायचे राहिले. नवी पाटी, नवा रंग, नजर गेली ती गेली.

पहिलं अक्षर 'तु'. माझं जुनं 'तु'. त्याच्या पुढे 'झ', सापाच्या पाटीवर तो अर्धा होता, इथे पुरता होता आणि त्याला 'ठी' ची वेलांटी लागलेली. तुझी. सापाखेरीज दुसरं काही मला येत असेल, असं मला वाटलं नव्हतं. पुढे 'मु'. मग एक अनोळखी अक्षर. मग 'गी'. मु, काहीतरी, गी. मुंगी? तुझी मुंगी? मला हसूच आलं असतं. शेवटी 'मे', आणि तेच अनोळखी अक्षर, वेलांटीसकट. मेथी? तुझी मुंगी मेथी? फडकं फिरत होतं. नाईक ओट्यावर खाकरले. अक्षर दोन्हीकडे एकच होतं, म्हणजे दोन्हीकडे एकच बसलं पाहिजे. थ बसत नव्हता. मी एकेक घालून बघत होते, मेकी, मेटी, मेरी, आणि मग ल घातला.

तुझी मुलगी मेली.

मी फडकं थांबवलं नाही. हात चालूच होता, कशाने चालू होता देव जाणे. कोठडीतलं 'मला सांगायचा हुकूम न्हाई' आठवलं आणि तो हुकूम कशासाठी होता ते कळलं. तिला दोन दिवस पोरीची खबर लागू द्यायची नाही, जीव टांगणीला लावायचा, आणि मग हे समोर धरायचं. जिला वाचता येतं ती आई यावर गप्प बसणार नाही. कुणीच बसणार नाही.

मला दया आली असं कुणी समजू नका. मला राग आला. जन्मात पहिल्यांदा मी एक नवं वाक्य वाचलं होतं, कुणी न सांगता, स्वतःच्या डोक्याने जुळवून, आणि ते वाक्य खोटं होतं. पोर बकरीमागे पळत होती. अक्षर खोटं असं आयुष्यभर ओरडायला लावणाऱ्यांनीच ते खोटं लिहिलं होतं आणि माझ्याच हातात दिलं होतं. मी त्यांची पाटी वर्षानुवर्षं पुसली, आणि त्यांनी मला पहिलं वाचायला काय दिलं, तर हे. हरामखोर.

"शेवंते, चल, आटप," नाईक म्हणाले.

तरीही मी उभी राहिले आणि पाटी धरली. दुसरं काय करायचं ते मला सुचलं नव्हतं. वाटलं, हिला येतच नसेल. रंगारणीला कुठून येणार? बाजारात तोंडातून शब्द गेला, आजीच्या तोंडचा असेल. हिची नजर भिरभिरेल, पाटी खाली घेईन, शब्दाबद्दल फटके खाईल आणि घरी जाईल. मी तिच्या डोळ्यांकडे बघितलं.

तिची नजर डाव्या कडेला गेली आणि उभी राहिली.

कुठून शिकली होती, मी कधी विचारलं नाही. नजर चालू लागली. तुझी. बाईच्या भुवया जरा जवळ आल्या. मुलगी. तिचे ओठ उघडले. अजून एक शब्द होता आणि तिला त्याच्यापर्यंत पोचायला श्वासभरही वेळ लागणार नव्हता. ती किंचाळली असती, सगळ्या गावाने ते ऐकलं असतं आणि चुनेवाला कोपऱ्यात उभाच होता.

"तुझी मुलगी मेली!" मी ओरडले.

माझा आवाज अंगणाच्या भिंतीवर आपटून परत आला. गिरिजा किंचाळली. तसं किंचाळणं मी त्याआधी ऐकलं नव्हतं, नंतरही नाही. ती पाटावरून खाली कोसळली आणि निळ्या हातांनी फरशी बडवायला लागली.

नाईक उठून उभे राहिले. "काय बोललीस?"

"पाटीवर हाय ते."

अंगणात कुणाचं तरी तान्हं रडत होतं, तेवढंच.

"ती ओरडली," मी म्हणाले, "पण ती माझं ऐकून ओरडली. सगळ्या गावानं ऐकलंय मी बोलले ते. आई हाय, ओरडणारच. तिनं वाचलं का न्हाई ते आता तुम्हाला कधीच कळणार न्हाई, नाईक. तुमची पाटी वाया गेली."

मग मी लोकांकडे वळले. रागाने जिभेला धार चढली होती.

"आत्ता काय ओरडलात? अक्षर खोटं! मग हे खोटंच हाय. ऐक गं गिरिजा. तुझी मंजी मामाकडं हाय. सकाळी नाईकांनी स्वतः बघितली, बकरीमागं पळत व्हती. वाचली तुझी पोर. वाचली, वाचली, वाचली!"

गिरिजाचे हात थांबले. तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं. विश्वास ठेवावा की नाही हे तिला कळत नव्हतं. माझ्यावर ठेवावा असं मी तोवर काही केलंही नव्हतं.

"नाईक, बोला की," मी म्हणाले. "बघितली ना तुम्ही?"

नाईक ओट्याच्या कडेपर्यंत आले आणि तिथेच थांबले. पण गर्दीतून तिचा भाऊ ओरडला, "हाय गं आक्के! घरी हाय! बरी हाय!" त्याला दोघांनी खाली दाबलं, पण आवाज पोचला. गिरिजाने पदर तोंडात कोंबला आणि फरशीवर कपाळ टेकवलं.

नाईक ओटा उतरून माझ्यापाशी आले. जवळ येऊन हळू बोलले, आणि त्या माणसाच्या आवाजात तेव्हा जे होतं त्याला मी आजही काही नाव देऊ शकत नाही. कदाचित त्यांना फक्त स्वतःची कचेरी सांभाळायची असेल.

"अंदाजानं बोललीस तू. पोरीबद्दल सांगायचं न्हाई म्हणालो, त्यावरनं ताडलंस. म्हण तसं. तेवढं म्हण, मी बघतो काय करायचं ते."

मी म्हटलंही असतं कदाचित. मला डोळे हवे होते. कुणाला नको असतात?

पण नाईक पुढे स्वतःशीच बोलावं तसं बोलले, "पण 'मुलगी' कुठनं आणलीस गं? निमसरात हा शब्द कुणाच्या तोंडात हाय? आपण लेक म्हणतो, पोर म्हणतो. 'मुलगी' जिल्ह्याचा लिहिणारा म्हणतो."

मागच्या चार माणसांनी ते ऐकलं. नाईकांनाही कळलं, की आपण मोठ्याने बोललो. आता त्यांना मागे फिरता येत नव्हतं, मलाही.

"पाटीवरनं आणली," मी म्हणाले.

"कुणी शिकवलं तुला?"

"तुम्ही. पहिल्या दिवशी. तुझ्या पाठीमागे नाग आहे."

त्यांनी मला थोबाडीत मारली. तिचं मला काही वाटलं नाही. मला आठवतं ते पुढचं. नाईकांनी पहारेकऱ्याला जुनी पाटी आणायला सांगितली, गिरिजाला परत बसवा म्हणाले, आणि भिंतीच्या सावलीतून एक म्हातारा आवाज आला, "एक माणूस, एक पाटी."

"कोण बोललं ते?"

कुणी पुढे आलं नाही. पण मग दुसरीकडून एका बाईचा आवाज आला, "एक माणूस, एक पाटी." मग आणखी कोणी. ओरडून नाही, आपापल्या पायांकडे बघत, पुटपुटल्यासारखं, पण सगळे. नियम त्यांचाच होता, तो म्हटल्याबद्दल कुणाला धरणार? नाईकांनी थोडा वेळ वाट बघितली. मग गिरिजाला शब्दाबद्दलचे फटके सांगितले आणि सोडा म्हणाले.

मला पाटी दाखवायची गरजच उरली नव्हती. उरली, हा शब्द इथे बरोबर आहे.

चुन्याबद्दल मी काही सांगणार नाही. ज्यांना हौस आहे त्यांनी चुन्याच्या भट्टीपाशी तोंड नेऊन उभं राहावं.

त्यानंतर मी विहिरीजवळच्या लिंबाखाली बसायची. घर कचेरीचं होतं, ते गेलं. लोक पाणी भरायला यायचे, मला बघून काही जण थुंकायचे. थुंकणाऱ्यांना आवाजावरून मी ओळखायला लागले. माझ्या पाटीपुढे बसून गेलेल्या बायकांच्या घरचे होते ते. त्यांच्या बायका माझ्याआधी अंधारात गेल्या होत्या आणि माझ्यामुळे गेल्या होत्या. एका दुपारी मी अंगणात काय ओरडले, याचं त्यांना काय? मी त्यांच्या जागी असते तर थुंकून थांबले नसते.

एके दिवशी पावलं आली आणि समोर थांबली. कुणी थुंकलं नाही, कुणी बोललंही नाही. निळीचा आंबूस वास आला.

"गिरिजा हायस," मी म्हणाले.

"माझ्या आत्याला पाटी तू दाखवलीस," ती म्हणाली. "आठवतंय?"

"आठवतंय."

"आजून भिंत चाचपडत न्हाणीत जाती ती. ते मी विसरायची न्हाई."

"नको विसरू."

"कोठडीत दोन शब्द बोलली असतीस. 'बरी हाय' एवढंच. मी उरली म्हटलं असतं आणि काही झालं नसतं. ना तुला, ना मला."

"व्हय."

"मग का न्हाई बोललीस?"

"तेव्हा मी वाचलं नव्हतं," मी म्हणाले.

लांब कुठेतरी एक पोरगी बकरीला शिव्या घालत होती, चांगल्या खणखणीत आवाजात. मला विचारायचं होतं, मंजी का ती, पण मी विचारलं नाही. आपल्याला विचारायचा हक्क नसतो अशा काही गोष्टी असतात.

मग माझ्या मांडीवर फडक्यात बांधलेलं काहीतरी पडलं.

"काय हाय?"

"भाकरी," गिरिजा तुटकपणे म्हणाली. "घरात उरली व्हती. टाकायची ती इथं टाकली."

आणि ती निघून गेली. तिची पावलं ओढ्याच्या वाटेला लागेपर्यंत मी थांबले. मग फडक्याची गाठ सोडून आत हात घातला, आणि चटका बसून मागे घेतला.

भाकरी आत्ताच तव्यावरून उतरवलेली होती.